हुन्नर हातातून हातात गेला तरच टिकतो
संगणकावरील खेळ घडविणाऱ्या एका कारागिराच्या अनुभवातून

दुकान बंद करायची वेळ झाली की बाप गल्ला मोजतो आणि मुलगा कोपऱ्यात मोबाइलवर खेळ खेळत बसतो. हे दृश्य भेंडीबाजारापासून मालेगावपर्यंत कोणत्याही पेठेत दिसेल. बापाला वाटते, पोरगा वेळ वाया घालवतो. पुष्कळदा ते खरेही असते. पण तो खेळ कोणीतरी बसून घडविलेला असतो. त्याला भांडवल लागते, कारागीर लागतात, माल ठेवायला बाजारपेठ लागते आणि गिऱ्हाईक फिरले तर नुकसानही सोसावे लागते. तेव्हा खेळ बनविणे हाही एक धंदाच आहे. त्यात मोठ्या कंपन्या आहेत, तसे स्वतःच्या जबाबदारीवर माल काढणारे छोटे कारागीरही आहेत.

त्यांच्यापैकी एकाची हकीकत येथे देत आहोत. अमेरिकेतील जोनाथन ब्लो हे त्यांचे नाव. ते खेळ घडवितात, त्यासाठी लागणारी हत्यारेही स्वतः घडवितात आणि आपल्या धंद्याबद्दल परखड बोलतात. त्यांनी एक प्रश्न विचारला आहे. एका पिढीचा हुन्नर दुसऱ्या पिढीच्या हातात पडला नाही, तर काय होते? हा प्रश्न संगणकवाल्यांपुरता नाही. विणकर, शिंपी, जरीकाम करणारा, सुतार, लोहार या सर्वांचा तो प्रश्न आहे.

कर्जातून सुरुवात

ब्लो यांचा जन्म १९७१ चा. बर्कली येथील विद्यापीठात ते संगणकशास्त्र आणि इंग्रजी वाङ्मय शिकत होते, पण पदवी हाती येण्यापूर्वीच त्यांनी शिक्षण सोडले. १९९६ मध्ये एका मित्राबरोबर त्यांनी खेळ बनविण्याची कंपनी काढली. चार वर्षांनी ती बंद पडली आणि कर्ज डोक्यावर राहिले. ते फेडण्यासाठी त्यांनी दुसऱ्यांची कामे ठेक्याने केली. त्याच काळात धंद्यातल्या एका मासिकात ते प्रोग्रामिंगवर सदर लिहीत. स्वतःला आलेली युक्ती झाकून ठेवायची नाही, ही सवय तेव्हापासूनची.

२००४ च्या अखेरीस त्यांनी ‘ब्रेड’ नावाच्या खेळावर काम सुरू केले. हा खायचा ब्रेड नव्हे. या इंग्रजी शब्दाचा अर्थ वेणी. या खेळात चूक झाली तर काळ मागे नेता येतो. उडी चुकली, खाली पडलात, की कळ दाबायची आणि सारे चित्र उलटे फिरून पडण्यापूर्वीच्या क्षणावर येते.

हे ऐकायला सोपे वाटते. पण संगणकाला मागे जायचे तर मागचे सर्व लक्षात ठेवावे लागते. प्रत्येक क्षणाची संपूर्ण नोंद ठेवली तर यंत्राची जागा भरून जाईल. ब्लो यांनी केले ते कोणत्याही जुन्या मुनीमजींना पटेल. अधूनमधून पूर्ण शिल्लक लिहायची आणि मधल्या काळात फक्त जे बदलले तेवढेच टिपायचे. रोजकीर्द आणि आढावा यांचेच हे तत्त्व. ही रीत त्यांनी पुढे २०१० मध्ये धंद्यातील लोकांच्या परिषदेत सर्वांसमोर उलगडून सांगितली.

‘ब्रेड’ला सुमारे दोन लाख डॉलर खर्च आला. तो त्यांनी पदरचा घातला. त्यातला बराच भाग चित्रकामाचा होता. चित्रे डेव्हिड हेलमन या चित्रकाराची. ६ ऑगस्ट २००८ रोजी खेळ बाजारात आला तेव्हा त्याची किंमत पंधरा डॉलर होती. त्या बाजारात अशा खेळांना दहा डॉलरची सवय होती, त्यामुळे महाग म्हणून ओरड झाली. पण पहिल्याच आठवड्यात पन्नास हजारांहून अधिक लोकांनी तो विकत घेतला. मालात कस असेल तर योग्य दाम सांगायला लाजू नये, हा धडा छोट्या कारागिरांना त्यातून मिळाला.

गिऱ्हाइकाच्या वेळेची किंमत

ब्लो यांचे एक मत मोठ्या कंपन्यांना आवडणारे नाही. २००७ मध्ये मॉन्ट्रियल येथे दिलेल्या भाषणात त्यांनी सांगितले की, काही खेळ माणसाला आनंद देत नाहीत, केवळ सवय लावतात. थोडे खेळा, एक बक्षीस मिळेल. आणखी थोडे खेळा, दुसरे मिळेल. पोपटाला दाणा टाकावा तसा हा प्रकार. पुढे ‘फार्मव्हिल’सारख्या खेळांची लाट आली. दर काही तासांनी येऊन पीक कापा, नाहीतर ते सुकेल, अशी त्यांची रचना होती. अशा खेळांची घडणच वाईट हेतूने झालेली आहे, असे ब्लो यांनी उघड म्हटले.

येथे तिजारतीचा मूळ प्रश्न येतो. गिऱ्हाइकाच्या गरजेवर कमवायचे की त्याच्या दुबळेपणावर? वजनात मारणारा वाणी आणि माणसाचे आयुष्य खाणारा खेळ यांत फरक एवढाच की, पहिल्याची चोरी तराजूवर पकडता येते. ब्लो यांच्या मते खेळणाऱ्याने दिलेला वेळ हाही त्याने मोजलेला पैसाच आहे. त्या बदल्यात त्याला काही खरे मिळाले पाहिजे.

भांडवलात भागी

‘ब्रेड’च्या कमाईनंतर २०१० मध्ये ब्लो आणि इतर काही यशस्वी खेळ-कारागिरांनी मिळून ‘इंडी फंड’ सुरू केला. नव्या, होतकरू मंडळींना भांडवल देणे हा त्याचा उद्देश. त्यापूर्वी छोट्या कारागिराला प्रकाशक कंपन्यांच्या दारात जावे लागे. त्या पैसे देत, पण पुष्कळदा खेळाची मालकीच लिहून घेत.

या फंडाची रीत वेगळी होती. खेळाची मालकी कारागिराचीच. खेळ विकला की आधी गुंतवलेली रक्कम परत, मग ठरलेल्या मर्यादेपर्यंत मिळकतीत हिस्सा. आणि ठरावीक मुदतीत खेळ चाललाच नाही तर देणे संपले, कारागिराच्या घरावर जप्ती नाही. ‘डिअर एस्थर’ या खेळाने २०१२ मध्ये विक्रीला आल्यापासून काही तासांतच फंडाचे पैसे फेडले.

मुदारबा आणि मुशारका हे शब्द आपल्या वाचकांना परके नाहीत. इंडी फंडाची रीत तंतोतंत तशी नव्हे आणि ती धर्माच्या विचारातून निघालेलीही नाही. पण भांडवल देणाऱ्याने धोक्यातही भागी घ्यावी, बुडालेल्या कारागिराकडून व्याज वसूल करीत बसू नये, हे तत्त्व अमेरिकेतील या मंडळींना धंद्याच्या अनुभवातून पटले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

न बोलता शिकविणारा उस्ताद

ब्लो यांचा दुसरा मोठा खेळ ‘द विटनेस’, म्हणजे साक्षीदार. तो २६ जानेवारी २०१६ रोजी आला. ‘ब्रेड’ची कमाई त्यांनी यात ओतली, ती पुरली नाही तेव्हा कर्जही काढले. खर्च साठ लाख डॉलरच्या घरात गेला. पहिल्या आठवड्यात पन्नास लाख डॉलरहून अधिक विक्री झाली, तेव्हा जीव भांड्यात पडला.

या खेळात एक निर्मनुष्य बेट आहे आणि त्यावर पाचशेहून अधिक कोडी. प्रत्येक कोड्यात फळीवर एक रेघ ओढायची. रेघ कशी ओढावी याचे नियम खेळात कोठेही लिहिलेले नाहीत, कोणी सांगतही नाही. पहिले कोडे इतके सोपे की ते चुकणे कठीण. दुसऱ्यात एक लहानसा फरक. तिसऱ्यात दोन. असे करीत करीत खेळणाऱ्याला नियम आपोआप उमगतो आणि मग अवघड कोडे समोर येते.

ज्यांनी उस्तादाच्या हाताखाली काम शिकले त्यांना ही रीत नवी नाही. उस्ताद काही पहिल्या दिवशी व्याख्यान देत नाही. आधी काज-बटण, मग सरळ शिलाई, मग अस्तर आणि खूप दिवसांनी कात्री हातात. चुकले तर उसवायला लावतो, फारसे बोलत नाही. शागीर्दाच्या हाताला समजले की डोक्याला समजतेच.

मॉस्कोतील भाषण

२०१९ मध्ये ब्लो यांनी मॉस्को येथे खेळ-कारागिरांच्या मेळाव्यात एक भाषण केले. विषय होता, संस्कृती कोसळण्यापासून कशी वाचवावी. खेळ बनविणाऱ्याने एवढा मोठा विषय का घ्यावा? त्यांचे म्हणणे असे होते.

आपण समजतो की तंत्रज्ञान आपोआप पुढे जाते. पण ते आपोआप फक्त मागे जाते. पुढे नेण्यासाठी प्रत्येक पिढीला मेहनत करावी लागते. त्यांनी जुने दाखले दिले. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातील एक रोमन पेला आहे. समोरून उजेड पडला तर काच हिरवी दिसते, मागून पडला तर लाल. काचेत सोन्या-चांदीचे अतिसूक्ष्म कण मिसळल्याने हे होते. तो बनविणारे गेले आणि ती कलाही गेली. ग्रीसजवळच्या समुद्रात बुडालेल्या जहाजातून १९०१ मध्ये कांस्याच्या चक्रांचे एक यंत्र सापडले. सूर्य-चंद्राची गती दाखविणारे ते यंत्र दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे. तितके बारीक चक्रकाम पुढे शतकानुशतके कोणाला जमले नाही.

संगणकाच्या धंद्यातही हेच चालू आहे, असे ब्लो म्हणाले. यंत्रे दर वर्षी वेगवान झाली म्हणून कारागिरीतला ढिसाळपणा झाकला गेला. पूर्वी यंत्रणा विकणारे अभिमानाने सांगत की आमची यंत्रणा ९९.९९९ टक्के वेळ चालू राहील. म्हणजे वर्षात जेमतेम पाच मिनिटे बंद. आता ही भाषा कोणी बोलत नाही. कार्यक्रम अडकला तर बंद करून पुन्हा चालू करा, हे सर्वांनी मान्य करून टाकले आहे. १९६९ मध्ये केन थॉम्प्सन यांनी युनिक्स या कार्यप्रणालीचा पहिला सांगाडा सुमारे तीन आठवड्यांत एकट्याने उभा केला. आज शेकडो माणसे वर्षानुवर्षे खपतात आणि हाती त्या मानाने थोडे लागते, ही त्यांची तक्रार.

यावर त्यांचा उपाय एकच. काम सोपे करा. थरावर थर चढवू नका. आणि ज्याला यंत्राचे खालपर्यंत ज्ञान आहे त्याने ते पुढच्याला द्यावे. सर्व माहिती कोठेतरी लिहून ठेवलेली आहे, हे समाधान खोटे आहे. लिहिलेले वाचून हात चालत नाही.

दख्खनचे पोलाद, मिरजेची सतार

ब्लो यांनी दिलेल्या दाखल्यांत आपण घरचा एक दाखला जोडू. दमिश्की तलवारींची कीर्ती जगभर होती. त्यांच्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटे. या तलवारींसाठी लागणारे पोलाद दख्खन आणि दक्षिण हिंदुस्थानात मुशीत वितळवून तयार होई. आजच्या तेलंगणातील कोनासमुद्रम या गावी इराणी व्यापारी ते विकत घेण्यासाठी येत. एकोणिसाव्या शतकात हे काम बंद पडले. मागणी गेली, भट्ट्या विझल्या आणि बापाने मुलाला शिकविणे थांबविले.

१९९० च्या दशकात अमेरिकेतील धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवेन आणि लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी अनेक वर्षे खपून ती नक्षी पुन्हा उमटवून दाखविली. त्यांना आढळले की धातूत व्हॅनेडियमसारख्या द्रव्याचा अगदी किंचित अंश असावा लागतो. जुन्या लोहाराला व्हॅनेडियम हे नाव ठाऊक नव्हते. पण कोणत्या खाणीचा माल घ्यायचा, आच किती द्यायची, हे त्याच्या हाताला ठाऊक होते. ते हात गेल्यावर तीच गोष्ट पुन्हा शोधायला प्रयोगशाळा लागली.

याच्या उलट दाखला मिरजेचा. तेथील शिकलगार मंडळींचा मूळ धंदा हत्यारांना धार-पाणी देण्याचा. हत्यारांचे दिवस गेले तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंतुवाद्ये घडविण्याचे काम हाती घेतले. माल बदलला, पण हातांतली सफाई आणि शिकविण्याची परंपरा सुटली नाही. भोपळा कसा निवडावा, जवारी कशी काढावी, हे बापाने मुलाला शेजारी बसवून दाखविले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. एके ठिकाणी धंद्याबरोबर हुन्नरही संपला, दुसरीकडे धंदा बदलूनही हुन्नर राहिला. मधला फरक शागीर्दाचा आहे.

दुसऱ्याची हत्यारे, दुसऱ्याचे भाडे

बहुतेक खेळ-कारागीर आज तयार यंत्रणा भाड्याने घेऊन खेळ बनवितात. त्यातली एक प्रसिद्ध यंत्रणा म्हणजे ‘युनिटी’. सप्टेंबर २०२३ मध्ये तिच्या कंपनीने एकाएकी जाहीर केले की, ठरावीक विक्री ओलांडलेला खेळ जितक्या यंत्रांवर बसविला जाईल, तितक्या वेळा आम्हाला आकार द्यावा लागेल. ज्यांनी आयुष्याची वर्षे त्या यंत्रणेवर घातली होती, त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. मोठा गदारोळ झाला, कंपनीच्या प्रमुखांना जावे लागले आणि वर्षभराने, सप्टेंबर २०२४ मध्ये, तो आकार रद्द झाला. पण माग दुसऱ्याचा असेल तर सुताचा हिशेबही दुसराच ठरवितो, हे त्या वर्षभरात सर्वांना कळले.

ब्लो यांनी आपली यंत्रणा आधीपासून स्वतः लिहिली होती. २०१४ मध्ये ते त्याही पुढे गेले. खेळ ज्या भाषेत लिहितात ती ‘सी प्लस प्लस’ ही भाषा १९८० च्या दशकातली. तीत वर्षानुवर्षे ठिगळे लागली आहेत आणि मोठा खेळ तीत लिहिला तर प्रत्येक बदलानंतर तो पुन्हा जुळविण्यासाठी संगणक बराच वेळ घेतो. शिंप्याला प्रत्येक टाक्यानंतर इस्त्री तापण्याची वाट पाहावी लागली तर कसे होईल? म्हणून ब्लो यांनी नवी भाषाच बनवायला घेतली. तिचे तात्पुरते नाव ‘जाय’. लाखो ओळींचा प्रोग्राम डोळ्याची पापणी लवते न लवते तोच जुळून यावा, असा तिचा उद्देश. हे काम त्यांनी बंद खोलीत केले नाही. भाषा कशी घडते, कोठे अडते, हे त्यांनी वेळोवेळी चित्रफितींतून सर्वांना दाखविले.

बाजाराचा तडाखा

येथवर वाचून कोणाला वाटेल की ब्लो यांचे सर्व काही सुरळीत चालले. तसे नाही. १४ मे २०२४ रोजी त्यांनी ‘ब्रेड’ची नवी आवृत्ती आणली. चित्रे पुन्हा रंगविली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हा खेळ कसा घडला, कोठे काय चुकले, कोणता निर्णय का घेतला, हे सांगणारे पंधरा तासांहून अधिक ध्वनिमुद्रण त्यात घातले. उस्तादाने आपली सारी गाठोडी सोडून समोर ठेवावीत, तसेच हे.

पण बाजाराने पाठ फिरविली. विक्री फारच कमी झाल्याचे ब्लो यांनी स्वतः उघडपणे सांगितले. कंपनी चालविण्यास ती पुरेशी नव्हती, नव्या भाषेवर काम करणाऱ्यांना पगार देणेही अवघड झाले. सोळा वर्षांपूर्वी ज्या मालाने घर उभे केले, त्याच मालाला गिऱ्हाईक मिळाले नाही.

यावरून त्यांच्यावर टीका करणारेही आहेत. ते म्हणतात, तयार हत्यारे घेऊन दोन-तीन वर्षांत खेळ काढणारे पुष्कळ छोटे कारागीर चांगले कमावतात. मग हत्यारे घडविण्यात दहा वर्षे घालवायची कशाला? या बोलण्यात तथ्य आहे. प्रत्येक सुताराने रंधा स्वतः घडवावा असे कोणी म्हणणार नाही. पण गावात रंधा घडविणारा आणि त्याला धार लावणारा एकही माणूस उरला नाही, तर एक दिवस सुतारकीही बसेल. ब्लो यांची चिंता या दुसऱ्या गोष्टीची आहे.

आपण काय घ्यावे?

आपल्या पेठांत आज कितीतरी उस्ताद साठी ओलांडलेले आहेत. मुले शिकली, नोकरीला लागली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण कारखान्यात शेजारी कोणी बसत नाही. पुढे कोणी विचारील तेव्हा यंत्रावर काढलेला नमुना सापडेल, तो उतरविणारा हात सापडणार नाही.

ब्लो यांच्या हकीकतीतून तीन गोष्टी घेता येतील. पहिली, कारखान्यात एक तरी शागीर्द असावा, मग तो आपला मुलगा असो वा दुसऱ्याचा, आणि त्याला कामाची शेवटची पायरीही दाखवावी. दुसरी, दुसऱ्याची यंत्रणा वापरायला हरकत नाही, पण तिच्या आत काय चालते हे घरात एकाला तरी ठाऊक असावे आणि आपल्या मालाची मालकी लिहून देऊ नये. तिसरी, हातात मोबाइल आहेच, तर उस्तादाचे काम चालू असताना त्याच्यावर टिपून ठेवावे. चित्रफितीने शागीर्द तयार होत नाही हे खरे, पण शिकताना तिचा आधार होतो.

या तिसऱ्या कामासाठी माणूस शोधायला दूर जायला नको. दुकानाच्या कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसलेल्या त्या मुलाला आज संध्याकाळी हाक मारून आपल्या शेजारी बसवावे.